नीस नगरीतील अन्न



युरोपातील राजेरजवाडे आणि धनिक हिवाळ्यात ऊब शोधीत भूमध्य समुद्राच्या ज्या किनाऱ्यावर येत, त्या किनाऱ्यावरील नीस नगरीचे वैभव आजही डोळे दिपवणारे आहे. इंग्रज रहिवाशांच्या वर्गणीतून एकोणिसाव्या शतकात आकारास आलेला समुद्रकाठचा विहारमार्ग आणि त्यावर १९१३ साली उघडलेले नेग्रेस्को हॉटेल यांची ख्याती सर्वत्र आहे. परंतु तेथल्या उंची भोजनगृहांत जे वाढले जाते, त्यातील पुष्कळसे पॅरिसमध्येही मिळते. नीसचे स्वतःचे अन्न चाखावयाचे असेल, तर समुद्राकडे पाठ करून जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्यांत शिरले पाहिजे.

तेथे लाकडांच्या धगधगत्या भट्टीत, कल्हई केलेल्या तांब्याच्या विस्तीर्ण परातीत सोक्का भाजला जातो. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्हचे तेल आणि मीठ, एवढाच त्याचा सरंजाम. कडा करपलेल्या, गाभा मऊ, वर सढळ हाताने मिरपूड, असा हा पदार्थ कागदावर घेऊन, चटके सोसत, बोटांनीच खावयाचा असतो. बेसनाच्या धिरड्यावर वाढलेल्या मराठी माणसास तो परका वाटण्याचे कारण नाही. १८६० च्या तहाने हा मुलूख सार्डिनियाच्या अंमलातून फ्रान्सकडे गेला, तरी येथील चुलींनी जुना शेजार सोडलेला नाही. पलीकडे जेनोवाच्या बाजूस हाच पदार्थ फारिनाता म्हणून रोज खपतो.

नीसच्या नावाने जगभर जे सॅलड खपते, त्यात उकडलेला बटाटा आणि फरसबी सर्रास आढळते. जुन्या वळणाचे नीसकर या दोहोंना तेथे थारा देत नाहीत. टोमॅटो, अँचोव्ही मासे, उकडलेले अंडे, ऑलिव्ह आणि कच्च्या कोवळ्या भाज्या, एवढेच त्यांस मान्य. हा आग्रह मला सर्वथा रास्त वाटतो, कारण बटाट्याच्या भरीखाली त्या भाज्यांचा ताजेपणाच नाहीसा होतो. जवळपास हाच ऐवज गोल पावात भरून, तेल आत मुरू दिले, म्हणजे पाँ बान्या सिद्ध होतो. कोळ्यांची आणि मजुरांची ती शिदोरी होती.

कूर सालेया या चौकातील बाजारात फुलांच्या राशींशेजारी भाजीपाला मांडलेला असतो. बीटच्या कुळातील चार्ड या पालेभाजीत बेदाणे आणि चिलगोजे घालून केलेली गोड पाई ही नीसची आणखी एक खासियत. तीही जरूर चाखावी. सोमवारी मात्र या चौकात जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार भरतो, तेव्हा भाजीबाजार पाहू इच्छिणाऱ्याने तो वार टाळून, सकाळीच तेथे जावे.