गुंठ्याने विकलेले गाव
(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही चाकणकडून आलो आहोत. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातले. तुम्ही कापूस-ज्वारीवाले, आम्ही कांदा-बटाटा-बाजरीवाले. एवढ्या लांबून येण्याचे कारण एकच. आमच्या गावांचे तीस वर्षांत जे झाले, ते आता तुमच्या वेशीवर येऊन उभे आहे. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, जून २०२५ मध्ये नागपूर-मुंबई रस्ता पुरा झाला. रस्त्याच्या मागोमाग जमिनीचा दलाल येतो. तो तुमच्या ओट्यावर बसून चहा मागेल तेव्हा त्याच्याशी काय बोलायचे, ते आमच्या चुकांवरून सांगायला आलो आहोत.

आधी आमच्या मुलखाची गोष्ट ऐका. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही एके काळी तुमच्या-आमच्यासारखीच गावे होती. १९५४ साली पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले. मोटारी, स्कूटर यांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली चार गावे मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. तेव्हा चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. पुणे-नाशिक रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागायची आणि भाव पडला की शेतकरी कपाळाला हात लावून परत यायचा. पुढे चाकणलाही वसाहत आली. १९९९ साली मोटारसायकलीचा मोठा कारखाना सुरू झाला, २००९ साली जर्मन मोटारीचा. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी ही नावे आता गाडीच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर छापून येतात.

लोक विचारतात, तुमच्याकडच्या शेतकऱ्याने जमीन विकली कशाला? त्याला लोभ सुटला का? भावांनो, लोभाचा प्रश्न नव्हता. ज्या जमिनीतला कांदा मातीमोल जातो, त्याच जमिनीची माती सोन्याच्या भावाने जाते, हे रोज डोळ्यांनी दिसत होते. बापाने जन्मभर नांगरून सोसायटीचे कर्ज फिटले नाही आणि शेजाऱ्याने एक सही करून ते एका दिवसात फेडले. अशा वेळी जमीन धरून ठेवणारा वेडा ठरतो. शेतीने पोट भरले असते तर विकणाऱ्याने दहा वेळा विचार केला असता.

मग गुंठ्याचा धंदा सुरू झाला. एकराचे चाळीस गुंठे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासूनचा, पण त्यातून वाटा काढल्या गेल्या. साठेखत, कुलमुखत्यारपत्र, एकाच सातबारावर दहा-वीस परक्यांची नावे. आमच्याकडे एक शब्दच तयार झाला, गुंठामंत्री. गळ्यात सोन्याचा साखळदंड, बुडाखाली पांढरी गाडी, मागेपुढे पोरे. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ नावाचा सिनेमा याच दुखण्यावर निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडच्या कितीतरी घरांत मात्र तो पाहून कोणी बोलले नाही.

आता हिशेब करू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्याकडचे घालून पाहा. समजा घरची चार एकर जमीन. भाव एकरी ५० लाख. झाले दोन कोटी. गावात बोभाटा, कोट्यधीश झाला! पण वाटेकरी पाच. तीन भाऊ, दोन बहिणी. प्रत्येकी ४० लाख. त्यात घर बांधले २२ लाखांचे. मुलीचे लग्न ८ लाख. गाडी ८ लाख. उरले दोन लाख. हे सगळे दोन वर्षांत. यात दारू नाही, जुगार नाही, काहीही वावगे नाही. चांगल्या माणसाचा चांगला खर्च आहे. तिसऱ्या वर्षी तो ज्या कारखान्याच्या फाटकावर वॉचमनच्या नोकरीसाठी उभा राहतो, तो कारखाना त्याच्याच गट नंबरवर असतो.

आणि त्या फाटकावर त्याला कोण भेटते? तुमचा मुलगा. मायबहिणींनो, ही गोष्ट नीट ऐका. चाकण-भोसरीतल्या खोल्यांतून बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, यवतमाळची पोरे एका खोलीत चार-चार, सहा-सहा राहतात. पाळीप्रमाणे झोपतात. एक उठतो, दुसरा त्याच अंथरुणावर पडतो. काम कंत्राटी. कापसाचा भाव पडला म्हणून तुमच्या पोराने गाव सोडले. कांद्याचा भाव पडला म्हणून आमच्या पोराच्या बापाने जमीन सोडली. दोघे एकाच टपरीवर चहा पितात आणि एकमेकांना परके म्हणतात. आमची पोरे म्हणतात, बाहेरच्यांनी नोकऱ्या नेल्या. तुमची म्हणतात, इथल्यांना फुकटचे भाडे मिळते. दोघांचे दुखणे एक, हे दोघांनाही कोणी सांगत नाही.

जमीन जाण्याचे तीन रस्ते आम्ही पाहिले. पहिला सरकारी संपादनाचा. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण निघाले. शेतकऱ्यांकडून जमिनी घेतल्या, त्यावर सुबक पेठा उठल्या. ज्यांच्या जमिनी १९७२ ते १९८३ या काळात गेल्या ते शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी २०२० नंतरही झगडत होते. सही बापाने केली, खेटे नातवाने घातले. १८९४ चा इंग्रजी कायदा २०१३ च्या अखेरीपर्यंत चालला. १ जानेवारी २०१४ पासूनच्या कायद्यात ग्रामीण जमिनीला बाजारभावाच्या दुपटीपर्यंत आणि वर तेवढेच दिलासा म्हणून देण्याची तरतूद आली. पण बाजारभाव ठरतो नोंदलेल्या खरेदीखतांवरून. मुद्रांक वाचवायला खरेदीखतात कमी आकडा लिहिणाऱ्या गावाने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलेला असतो.

दुसरा रस्ता आश्वासनाचा. कनेरसर, निमगाव, दावडी, केंदूर या गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन गेली. पंधरा टक्के विकसित जमीन परत मिळणार असे ठरले. त्यासाठी मोबदल्यातून पंचवीस टक्के रक्कम कापून घेतली. परतावा वर्षानुवर्षे रखडला. तेव्हा लक्षात ठेवा, कागदावरची टक्केवारी म्हणजे जमीन नव्हे. कोणता गट, कोणत्या रस्त्याला लागून, किती तारखेला आणि नाही दिली तर काय, हे लिहून घेतल्याखेरीज टक्केवारीला अर्थ नाही.

तिसरा रस्ता थोडा वेगळा आहे. पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातल्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली. स्वतःची कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढा त्याचा हिस्सा. २००० च्या सुमारास तिथे नगर उभे राहू लागले. शेतकऱ्याने जमीन दिली, पण मालकी सोडली नाही. प्रत्येक गावाला हे साधेल असे आम्ही म्हणणार नाही. त्यांची जमीन शहराला चिकटून होती, माणसे एकमेकांच्या नात्यातली होती, पुढारी घरातलाच होता. पण भाव दलालाने सांगायचा आणि शेतकऱ्याने मान हलवायची, एवढी एकच रीत नसते हे त्यांनी दाखवले.

जमिनीबरोबर आणखी काय जाते तेही सांगतो. पाणी जाते. पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले, तेव्हा मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले, त्यात एक बाई होती. आमच्या भामा-आसखेड धरणासाठी ज्यांची शेते बुडाली ते पर्यायी जमिनीसाठी वर्षानुवर्षे आंदोलन करत राहिले, आणि धरणाचे पाणी पुण्याला पोचले. इंद्रायणीवरचा फेस टीव्हीवर तुम्ही पाहिलाच असेल.

मग करायचे काय? जमीन विकूच नका, असे आम्ही म्हणत नाही. आपली वस्तू आपल्या मर्जीने, आपल्या भावाने विकण्याचा हक्क शेतकऱ्याला हवा, तसा न विकण्याचाही हवा. आमचे सांगणे एवढेच.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार आजच काढा. आजोबाचे नाव तसेच असेल तर वारसनोंद करा, मोजणी करून घ्या. दलाल आल्यावर घाई होते आणि घाईत भाऊ भावावर दावा लावतो.

बहिणीचे नाव लावा. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशात २००५ साली आला. साडीचोळी देऊन हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेऊ नका. घरच्या बाईचे नाव सातबारावर असेल तर विकण्याआधी निदान चुलीपाशी चर्चा होते. आमच्याकडे ज्या घरांत बायांना विचारले, त्या घरांत काहीतरी शिल्लक राहिले.

एकट्याने सही करू नका. रस्त्याकडेचा गट पहिल्यांदा फोडतात, मग मागच्यांची वाट अडवून भाव पाडतात. शिवाराचा भाव शिवाराने मिळून ठरवा.

विसार घ्यायचा तर वकिलाला कागद दाखवून घ्या. कुलमुखत्यारपत्र कोणालाही देऊ नका, जावयालाही नाही.

आणि सगळे विकू नका. वरच्या हिशेबातल्या चार एकरांपैकी पंधरा टक्के, म्हणजे चोवीस गुंठे, राखले तर प्रत्येक वाटेकऱ्याला जवळजवळ पाच गुंठे येतात. परवानगी काढून त्यावर दहा खोल्या बांधल्या, महिना ३,००० भाडे धरले, तर ३०,००० रुपये दर महिन्याला. पाऊस पडो न पडो. बांधकामाला पैसा लागेल, गाडीचे आठ लाख तिकडे घाला.

आमच्या वाडीत एक म्हातारे आहेत. सगळी जमीन गेली, विहिरीजवळचे दोन गुंठे तेवढे राहिले. त्यात ते दरवर्षी कांद्याचे वाफे करतात. चारी बाजूंनी पत्र्याची कुंपणे. पोरे हसतात, बाबा, याचा भाव काय मिळणार? म्हातारा म्हणतो, भाव नकोय रे, कोणी विचारले तर सांगता यावे की मी शेतकरी आहे.

भावांनो, तुमच्या हातात अजून दोन गुंठ्यांपेक्षा बरेच जास्त आहे. ते आहे तोवर गावात बैठक बसवा. दलाल येण्याच्या आधी बसवा.