पापाचा पैसा आणि पोरांचें मैदान

(ज्युबिली-सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्युबिलीच्या ह्या मंगल दिवसांत परमेश्वराचे आभार मानावे, आपल्या वाडवडिलांच्या कष्टांचें स्मरण करावें, हें आपलें कर्तव्य आपण गेले कित्येक दिवस आनंदानें करीत आहोंत. आज मजवर सोंपविलेलें काम थोडें निराळें आहे. 'आपल्या तरुणांसाठीं पुढें काय करावें?' ह्या विषयावर मीं चार शब्द बोलावे, अशी आज्ञा झाली. हा विषय समुद्राएवढा; मी त्याचा एकच किनारा धरितों. मुलांच्या खेळाला, शिक्षणाला पैसा लागतो. तो कोठून यावा, आणि कोणाच्या हातून यावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

'ज्युबिली' हा शब्द आपण आतां उत्सवाला लावितों. परंतु त्याचें मूळ जुन्या करारांतील लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत आहे. सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं रणशिंग फुंकावें, ज्याची वडिलार्जित जमीन हातची गेली असेल त्याला ती परत मिळावी, जो दास झाला असेल त्यानें आपल्या घरीं परत जावें, अशी ती आज्ञा होती. तेव्हां ज्युबिली ही मूळची रोषणाई नव्हे; जें ज्याचें हातचें गेलें तें त्याला परत मिळण्याचें तें वर्ष होय. हा अर्थ मनांत धरूनच मी पुढें बोलणार आहें.

ज्या वागळे इस्टेटींत आपण राहतों तिची हकीकत आपणांपैकीं वृद्धांना तोंडपाठ आहे. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि त्याच्या अगदीं पहिल्या वसाहतींत आपल्या वसाहतीची गणना होते. गांवोगांवचे लोक येथें यंत्रांवर काम करावयास आले; किसननगर, श्रीनगर, इंदिरानगर, लोकमान्यनगर ह्या वस्त्या माणसांनीं भरून गेल्या. पुढें अनेक कारखान्यांचे भोंगे बंद पडले, आणि त्यांच्या जागीं कांचेचीं कार्यालयें उभीं राहिलीं. बापाला जी नोकरी हातांच्या कसबावर मिळाली, ती मुलाला त्याच दारीं मिळेनाशी झाली. दहावी-बारावी झालेला, सायंकाळीं कोठें जावें हें न कळणारा मुलगा नाक्यावर उभा राहूं लागला. नाक्यावर उभा राहणें हें पाप नव्हे. परंतु नाक्यावर त्याची वाट पाहणारेहि कोणी असतात.

कांहीं वर्षांपूर्वीं एका मुलाच्या अंगांत क्रिकेटचा नवा कोरा सदरा मीं पाहिला. संघांतील साऱ्यांना तसेच सदरे मिळाले होते. मीं सहज विचारलें, "बाळ, हे कोणीं दिले?" तो हंसला आणि म्हणाला, "सर, देणाऱ्याचें नांव विचारायचें नसतें." त्या मुलाचा कांहींच दोष नव्हता. परंतु त्याचें तें उत्तर अजून माझ्या कानांत आहे. ज्याचें नांव विचारावयाचें नसतें, त्याचें काम एके दिवशीं नाकारावयाचेंहि नसतें, हें त्या पोराला अजून ठाऊक नव्हतें.

ही रीत नवी नाहीं. १९७० च्या पुढील काळांत माटुंगा स्थानकाबाहेर वरदराजन मुदलियार ह्याच्या पैशानें होणारा गणेशोत्सव साऱ्या मुंबईंत गाजला होता. तस्करी आणि हातभट्टीच्या दारूचा पैसा आरास होऊन लोकांसमोर येई, आणि लोक त्याला दाता म्हणत. तेव्हां गुन्ह्याचा पैसा तरुणांपर्यंत पोहोंचावा कीं नाहीं, हा वाद करण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तो पैसा पोहोंचतच असतो. सदऱ्याच्या रूपानें, चषकाच्या रूपानें, मंडळाच्या वर्गणीच्या रूपानें तो येतो आणि मुलाला विकत घेतो. खरा प्रश्न एवढाच कीं तो 'भाई'च्या हातानें यावा, कीं कायद्याच्या हातानें?

कायद्याच्या हातानें येणें म्हणजे काय, हें थोडें उलगडून सांगतों. गुन्ह्यांतून मिळविलेली मिळकत सरकारजमा करण्याचे कायदे आपल्याकडे आहेत. तस्करांच्या मालमत्तेसाठीं १९७६ चा कायदा आहे; संघटित गुन्हेगारीसाठीं महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे; काळा पैसा पांढरा करण्याविरुद्ध २००२ चा कायदा आहे, जो १ जुलै २००५ पासून अंमलांत आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेच्या १०७ व्या कलमानें तर असें ठरविलें आहे कीं, गुन्ह्यांतून आलेली मिळकत न्यायालयाच्या हुकुमानें जिल्हाधिकाऱ्यानें त्या गुन्ह्यानें नाडलेल्या लोकांत प्रमाणशीर वांटावी. मागणारा कोणी नसेल, किंवा वांटून कांहीं उरेल, तर तें सरकारजमा व्हावें. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधीं ज्याचें गेलें त्याला. मग उरलें तें सर्वांना. लेवीय ग्रंथांतील रणशिंगाचा आवाज मला ह्या कलमांत ऐकूं येतो.

परंतु सरकारजमा झालेलें धन मुलांपर्यंत येतें काय? आपल्याच मुंबईंतील एक उदाहरण पाहा. डिसेंबर २०१५ मध्यें भेंडीबाजारांतील पाकमोडिया मार्गावरचें एक उपाहारगृह लिलावांत निघालें. तें दाऊद इब्राहिम ह्याच्या जप्त मालमत्तेपैकीं होतें. एका माजी पत्रकारानें ४ कोटी २८ लक्ष रुपयांची बोली लावून लिलाव जिंकला. तेथें क्रांतिकारक अश्फाकउल्ला खान ह्यांच्या नांवानें गरीब मुलांसाठीं संगणक शिकविण्याचें केंद्र काढावें, असा त्यांचा हेतु होता. हेतु उदात्त होता, धैर्य मोठें होतें. परंतु एवढी रक्कम मुदतींत उभी राहिली नाहीं. १४ नोव्हेंबर २०१७ रोजीं त्याच जागेचा पुन्हां लिलाव झाला, आणि त्या भागाची पुनर्बांधणी करणाऱ्या न्यासानें ती घेतली. त्या न्यासाला दोष देण्याचें कारण नाहीं. दोष रीतीचा आहे. जी जागा लोकांना भय दाखवून मिळविलेल्या सत्तेची खूण होती, ती मुलांना हवी असेल तर त्यांनीं कोट्यवधि रुपये घेऊन बाजारांत उभें राहावें, असा त्या रीतीचा अर्थ होतो.

इटली देशानें निराळी वाट काढिली. तेथें सिसिली बेटावर माफिया नांवाच्या टोळ्यांनीं पिढ्यान् पिढ्या रक्त सांडलें. १९८२ सालीं, पिओ ला तोर्रे ह्या लोकप्रतिनिधीचा खून झाल्यानंतर, माफियांची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा झाला. १९९५ मध्यें फादर लुइजी चिओत्ती ह्या धर्मगुरूंनीं 'लिबेरा' नांवाची संघटना उभारली. तिनें सुमारें दहा लक्ष सह्या गोळा केल्या, आणि मार्च १९९६ मध्यें दुसरा कायदा झाला: जप्त केलेलें घर, शेत, वाडा नगरपालिकेकडे यावा, आणि तिनें तो विनामूल्य सहकारी संस्थांना व सेवाभावी मंडळांना वापरावयास द्यावा. आज तेथें माफियांच्या शेतांत तरुणांच्या सहकारी संस्था गहूं आणि द्राक्षें पिकवितात. उन्हाळ्याच्या सुटींत मुलांचीं शिबिरें भरतात. स्कॉटलंडमध्येंहि २००८ पासून गुन्हेगारांकडून वसूल झालेल्या रकमेंतून मुलांचे फुटबॉल, रग्बी, नृत्य व मार्गदर्शनाचे वर्ग चालविले जातात. आजवर त्यांवर दहा कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्चीं पडली आहे.

आपल्या देशांत ह्याचें बीजच नाहीं, असें समजूं नका. मादक पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यांत १९८९ मध्यें सुधारणा होऊन एक राष्ट्रीय निधि निर्माण झाला. मादक पदार्थांच्या व्यापाऱ्यांची जप्त मालमत्ता विकून येणारा पैसा त्या निधींत जावा, आणि त्यांतून व्यसनी माणसांवर उपचार, त्यांचें पुनर्वसन, व्यसनाचा प्रतिबंध व लोकशिक्षण व्हावें, असें त्या कायद्यांतच लिहिलें आहे. ज्यानें मुलांना विष विकलें, त्याच्याच तिजोरींतून मुलांच्या औषधाचा पैसा निघावा, हें तत्त्व आपल्या संसदेनें तीस वर्षांपूर्वींच मान्य केलें. आतां तें आपल्या वस्तींपर्यंत यावें, आणि औषधाबरोबर मैदानालाहि लागू व्हावें, एवढेंच आपलें मागणें.

येथें दोन शंका कोणीहि विचारी माणूस काढील, आणि त्या टाळणें बरें नव्हे.

पहिली शंका न्यायाची. जप्ती म्हणजे शिक्षा नव्हे. आपल्या ठाण्यांतच, घोडबंदर मार्गावर कावेसर येथील एक सदनिका खंडणीच्या आरोपावरून २०२२ सालीं तात्पुरती जप्त झाली, आणि २०२४ च्या अखेरीस केंद्राच्या अधिकाऱ्यांनीं तिचा ताबा घेतला. परंतु ताबा म्हणजे मालकी नव्हे. आरोप शाबीत होऊन न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत ती मिळकत कोणाची, हा प्रश्न उघडाच राहतो. आणि खंडणीदाखल घर दिलेला माणूस असेल तर पहिला हक्क त्याचा. आपल्या मुलांच्या खेळासाठीं कोणा निरपराध माणसाचें घर जावें, ही गोष्ट आपणांस स्वप्नांतहि नको. तसेंच, जो जप्त करितो त्यालाच त्या पैशाचा लाभ होऊं नये. नाहीं तर न्याय दूर राहून शिकार सुरू होईल. आणि मुलांच्या शाळेचा नित्य खर्च ह्या पैशावर अवलंबून ठेवूं नये. गुन्हे वाढले तर मैदान मिळेल, अशी इच्छा करण्याची पाळी कोणावर येऊं नये.

दुसरी शंका आपल्या विवेकाची. हा पैसा अपवित्र नव्हे काय? संत मत्तयाच्या शुभवर्तमानांत यहूदानें तीस रुप्याचीं नाणीं मंदिरांत फेंकून दिलीं, तेव्हां मुख्य याजकांना हाच प्रश्न पडला. तें रक्ताचें मोल म्हणून त्यांनीं तें मंदिराच्या भांडारांत टाकलें नाहीं. त्यांतून कुंभाराचें शेत परक्यांना पुरण्यासाठीं विकत घेतलें. परंतु ज्याच्या रक्ताचें तें मोल होतें, त्याची आठवण त्यांतील एकालाहि झाली नाहीं. ह्याच्या उलट जक्कय पाहा. तो आपलें अर्धें धन दरिद्र्यांना देतों म्हणाला, आणि त्याच दमांत, ज्याला मीं नाडलें त्याला चौपट परत करीन, असेंहि म्हणाला. एका दानानें दुसरें ऋण फिटतें, असें त्यानें मानिलें नाहीं. पैशाला स्वतःचा आत्मा नसतो; तो कोणत्या वाटेनें आला आणि कोणाला पोहोंचला, ह्यावर त्याची शुद्धि ठरते. त्या याजकांनीं मेलेल्यांसाठीं शेत घेतलें. आपणांला जिवंत मुलांसाठीं मैदान हवें आहे.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली: न्यायालयाच्या अंतिम हुकुमानें सरकारजमा झालेली जी मिळकत आपल्या जिल्ह्यांत असेल, ती नाडलेल्यांचा हक्क पुरा झाल्यावर, लिलावांत न काढतां अल्प भाड्यानें मुलांच्या अभ्यासिकेला, व्यायामशाळेला, कारागिरीच्या वर्गाला मिळावी, असा अर्ज आपल्या लोकप्रतिनिधींकडे द्यावा. तो केवळ ख्रिस्ती जनांचा नसावा. किसननगर-श्रीनगरांतील सर्व धर्मांच्या मंडळांच्या सह्या त्यावर असाव्या, आणि जी जागा मिळेल ती सर्वांच्या मुलांची असावी. दुसरी: अशा जागेवर कोणाहि माणसाचें नांव नसावें, आणि तिचा जमाखर्च दर तीन महिन्यांनीं दारावर लावावा. ज्या भेटीचा दाता विचारतां येतो आणि ज्या पैशाचा हिशेब वाचतां येतो, ती भेट मुलाला बांधून ठेवीत नाहीं. तिसरी: ज्याचें नांव विचारावयाचें नसतें त्याची वर्गणी आपल्या कोणत्याहि मंडळानें आजपासून घेऊं नये, मग सामने यंदां फाटक्या जाळीवर झाले तरी चालतील.

आणखी एक गोष्ट सांगून पुरें करितों. पालेर्मो शहरांत ब्रांकाच्चो नांवाची वस्ती आहे. १९९० मध्यें फादर पिनो पुग्लिसी तेथें धर्मगुरु म्हणून आले. वस्ती माफियांच्या मुठींत होती. त्यांच्यापाशीं जप्त धनाचा निधि नव्हता. तो कायदा व्हावयाचा होता. त्यांनीं उसनवारीवर एक जागा घेतली, तिला 'आमच्या बापा' ह्या प्रार्थनेचें नांव दिलें, आणि रस्त्यावरचीं मुलें आंत बोलावलीं. सणाच्या मिरवणुकीसाठीं त्या लोकांचा पैसा घेण्याचें त्यांनीं नाकारलें. १५ सप्टेंबर १९९३ रोजीं, त्यांच्या छप्पन्नाव्या वाढदिवशीं, घराच्या दारांत त्यांना गोळी घालण्यांत आली. २५ मे २०१३ रोजीं ख्रिस्तसभेनें त्यांना धन्यवादित हुतात्मा म्हणून घोषित केलें. टोळीला त्यांची भीति वाटली, कारण सायंकाळीं पोरांना जाण्यासाठीं एक दार त्यांनीं उघडें ठेविलें होतें.

बंधुभगिनींनो, अर्ज करूं. तो मंजूर होण्यास वर्षें लागतील. तोंवर आपल्या सभागृहाचें दार सायंकाळीं सहा ते नऊ उघडें असूं शकतें. एखाद्या निवृत्त फिटरनें आठवड्यांतून दोन तास दिले, एखाद्या भगिनीनें गणित शिकविलें, एखाद्यानें चेंडू आणून दिला, तर तेवढ्यानेंहि काम सुरू होईल. तो सदरा घातलेला मुलगा आतां मोठा झाला असेल. त्याचा धाकटा भाऊ अजून नाक्यावर उभा आहे. ज्याचें हातचें गेलें त्याला तें परत करण्याचें हें वर्ष आहे. ह्या पोरांची हातची गेलेली सायंकाळ आपण त्यांना परत देऊं या.

परमेश्वर आपणां सर्वांना तें बळ देवो. आमेन.