रोलमधला शेवटचा फोटो

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ऊसतोड आटोपत आली, की लग्नसराई सुरू होते. फिल्मच्या जमान्यात चैत्रातल्या अशाच एका लग्नाचे फोटो काढायला मी कोऱ्हाळे बुद्रुकला गेलो होतो. रोल ३६ फोटोंचा. गोरज मुहूर्त, उजेड झपाट्याने उतरत होता. अंतरपाट दूर होताना फोटो टिपला. आता एकच उरला. तो व्याह्यांच्या पंगतीसाठी राखलेला. फ्लॅश पुन्हा भरेपर्यंत थांबलो, तर मांडवाच्या खांबाआड नवरीची आजी डोळे पुसताना दिसली. तोच फोटो घेतला. पंगत राहिली म्हणून यजमान रागावले. वर्षभरात आजी गेल्या. घरात त्यांचा दुसरा फोटोच नव्हता. आज मोबाइलवर शेकडो फोटो निघतात. माझी नजर मात्र मांडवात शिरताच आधी खांबाआड जाते.