फळीवरचं यार्ड

आज बोलूया घरातल्या छोट्या रेल्वेबद्दल.

माझा पहिला लेआउट सहा बाय चार फुटांचा होता. एचओ स्केल, म्हणजे १:८७. गोल रूळ, मागे बोगदा. खोली लहान म्हणून बोर्ड भिंतीला लावला. गाडी बोगद्यात घसरली की हातच पोचायचा नाही. आणि खरं सांगू? गोल फिरणारी गाडी दहा मिनिटांत बोअर होते. घर बदलताना सगळं मोडलं. वाईट वाटलं.

दुसऱ्यांदा आधी विचार केला, गाडी चालवून करायचं काय? मग ॲलन राइट यांचं ‘इंगलनुक’ सापडलं. एन स्केल, १:१६०, रुळांमधलं अंतर ९ मिमी. चार फूट बाय एक फुटाची फळी पुरली. दोन सांधे, तीन सायडिंग. एकात पाच डबे मावतात, बाकी दोनांत तीन-तीन. पुढच्या रुळावर इंजिन आणि तीन डबे, बस्स.

डबे एकूण आठ. पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. क्रम किती होतात? ८×७×६×५×४, म्हणजे ६,७२०!

एक टीप: वीज रुळांतूनच येते. रूळ मळले की हळू चालणारं इंजिन अडकतं. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

बाबा रिटायर झाल्यापासून आमचं फोनवरचं बोलणं “जेवलास का?” एवढंच उरलं होतं. आता ते आले की चिठ्ठ्या तेच काढतात. “अरे, सात नंबर आधी बाहेर घे ना!” रात्रीचे अकरा कधी वाजतात, कळत नाही.

तर एक फळी शोधा. भेटू पुढच्या भागात!