शेजाऱ्याची साक्ष

भोपाळच्या पूर्वेस, पिपलानीजवळ, सोनागिरी नावाची वसाहत आहे. विजेच्या अवजड यंत्रसामग्रीचा सरकारी कारखाना १९५६ साली या परिसरात स्थापन झाला आणि देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे कामासाठी येथे आली. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न अशा वस्तीत ओळख वाढविण्यासाठी विचारला जातो. परंतु याच शहराच्या दुसऱ्या टोकास, बैरागढला, काही कुटुंबांना तोच प्रश्न जड जातो.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना बैरागढच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला. पुढेही त्यांचे आप्त पाकिस्तानातून येत राहिले आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहिले. अशा अल्पसंख्याकांना नागरिकत्व देण्याचे अधिकार डिसेंबर २०१६ मध्ये भोपाळ, इंदूर, नागपूर, ठाणे इत्यादी निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले. तथापि ज्यांच्या हाती अद्याप नागरिकत्व आले नव्हते, त्यांच्यावर एप्रिल २०२५ मध्ये कसोटीचा प्रसंग आला. पहलगामच्या हत्याकांडानंतर केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द केले; वैद्यकीय व्हिसांना २९ तारखेपर्यंत मुदत दिली. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असा खुलासा झाला, म्हणून अनेक संसार जागच्या जागी राहिले.

परकीयांना देशाबाहेर घालविण्याचा अधिकार राज्यसंस्थेला आहे, यात वाद नाही. बेल्जियन मिशनरी लुई द राएट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो मान्य केला. परंतु जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे रक्षण करणारे घटनेचे २१ वे कलम परकीयांनाही लागू आहे, हेही त्याच निकालात सांगितले. १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांच्या बाबतीत न्यायालयाने बजावले की, जमावाच्या धमकीपासून त्यांचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे. कोणास घालवावयाचे ते कायदा ठरवील. गल्लीने ते ठरवावयाचे नाही.

मग गल्लीने करावे तरी काय? येथे कायद्यातील एक बारकावा ध्यानी घेतला पाहिजे. चोरीचा आळ आला तर पुरावा सरकारने द्यावा लागतो. परकीयत्वाचा आळ आला तर मात्र ‘मी परका नाही’ हे त्या माणसानेच सिद्ध करावयाचे असते. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात हा नियम होता. २०२५ च्या नव्या कायद्यातही तो आहे. कोठडीत बसलेल्या मजुराने गावाकडची कागदपत्रे आणावी तरी कशी?

जून २०२५ मध्ये मुंबईच्या परिसरात काम करणाऱ्या पश्चिम बंगालमधील काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे धाडण्यात आले. ते भारतीय असल्याचे त्यांच्या मुलखातून कळविण्यात आले, दोन्ही देशांच्या सीमादलांची बोलणी झाली, आणि त्यांना परत आणावे लागले. त्यांना परत आणले ते गावाच्या साक्षीने. याउलट जुलै १९९८ मध्ये मुंबईहून अशाच संशयितांना घेऊन जाणारी आगगाडी हावड्याजवळ उलुबेरिया येथे जमावाने अडविली व काहींना सोडविले. त्या रागामागील दुःख खरे होते. परंतु पळालेल्या माणसाचे नागरिकत्व त्याने सिद्ध झाले नाही. संशय जसाच्या तसा राहिला.

म्हणून शेजारधर्माचा मार्ग साधा आहे. पकडलेल्या माणसाला वकिलाचा सल्ला घेण्याचा व चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क घटनेच्या २२ व्या कलमाने सामान्यतः दिला आहे, हे त्याच्या घरच्यांना सांगावे. कोठडीतील माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. तेथवर त्यांना सोबत करावी. घरमालकाने भाडेचिठ्ठी द्यावी, मुकादमाने हजेरीपट नाकारू नये. शाळेच्या जुन्या नोंदवहीतील एका ओळीत मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मस्थळ असे सारे असते. तिची नक्कल मागावयास कोणी धावत आले, तर त्याला ‘उद्या या’ असे सांगू नये.