गाविलगडावरून आपलं गाव दिसते का?

आज गेस्ट नाही, इंटरव्ह्यू नाही. आज मीच बोलणार आहे, आणि माझ्या एका चुकीबद्दल बोलणार आहे.

मी चांदूर बाजारचा. पाऊस उघडला की आमच्या गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. माझी आजी आयुष्यभर ती रेघ पाहत आली, पण वर कधी गेली नाही. आता गुडघे साथ देत नाहीत. मी चिखलदऱ्याला निघालो तर म्हणते, "तिथून आपलं गाव दिसते का रे बाप्पा? दिसलं तर फोटो काढून आण."

झालं. माझ्या ट्रिपला काम मिळालं.

ऑगस्टचा शनिवार होता. मी आणि माझा मामेभाऊ, मी त्याला दादाच म्हणतो, मोटरसायकलवर निघालो. परतवाडा, धामणगाव गढी, मग घाट. खाली संत्र्याच्या बागांत घाम फुटत होता आणि वर दात वाजायला लागले. चिखलदरा समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे. आपल्या विदर्भात कॉफी पिकते ती इथंच.

पहिला दिवस पूर्ण धुक्यात गेला. भीमकुंडाचा नुसता आवाज ऐकला, धबधबा दिसलाच नाही. पण एक गोष्ट शिकलो. धुक्याचा फोटो मोबाईल मुद्दाम काळपट काढतो, कारण सगळं पांढरं दिसलं की कॅमेऱ्याला वाटते उजेड जास्त झाला. अशा वेळी स्क्रीनवर बोट ठेवायचं आणि उजेडाची पट्टी थोडी वर सरकवायची. आणि लेन्स दर पाच मिनिटांनी पुसायची. अर्धे फोटो तर वाफेनंच खराब होतात.

दुसऱ्या दिवशी पायी गाविलगड. गावापासून दोनेक किलोमीटर. दिल्ली दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड कोरलेला आहे, तो नक्की पाहा. या किल्ल्याच्या दक्षिणेला, म्हणजे आपल्या बाजूला, सरळ कडा आहे. १८०३ साली इंग्रजांना तो घ्यायचा होता, तेव्हा त्यांच्या स्टीव्हन्सनच्या फौजेनं जड तोफा डोंगरातून कित्येक दिवस ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला. त्यांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढं १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. एवढा मोठा सेनापती, पण मुख्य हल्ल्यासाठी या कड्याच्या वाट्याला गेला नाही.

मी गेलो.

दुपारी चारच्या सुमारास धुकं फाटलं. खाली एकदम हिरवं मैदान, ढगांच्या सावल्या, मध्येच चमकणारं पाणी. मी मोबाईल काढला, झूम केला आणि स्क्रीनमध्ये गाव शोधत शोधत पुढं सरकत राहिलो. ओलं गवत होतं, त्याखाली शेवाळलेला दगड. पाय सटकला. दादानं मागून बॅगचा पट्टा धरला म्हणून मी आज हा एपिसोड करतोय. मोबाईल हातातच होता. माझं लक्ष तेव्हाही त्याच्याकडंच होतं, हे मला नंतर आठवलं.

दादा ओरडला नाही. तो खाली बसला आणि बराच वेळ बोललाच नाही.

तेवढ्यात म्हशी हाकत एक गवळीबाबा आले. म्हणाले, "काऊन बसले रे पोरं हो? धुकं परत येऊन राह्यलं. अस्वल फिरते इथं. निघा." मला वाटत होतं, अजून अर्धा तास थांबलो तर सोनेरी उजेड मिळेल. पण दादाच्या तोंडाकडं पाहिलं आणि मोबाईल खिशात टाकला. दरवाज्यापर्यंत येईस्तोवर दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. थांबलो असतो तर त्या धुक्यात वाट कशी सापडली असती, देव जाणे.

म्हणून सांगतो. फोटो काढताना चालायचं नाही, चालताना फोटो काढायचा नाही. कड्यापासून लांब बसून काढा, झूम कशासाठी दिला आहे? पावसात एकट्यानं जाऊ नका, आणि फाटकावर बाहेर पडायची वेळ विचारून ठेवा. हा मेळघाट आहे. व्याघ्र प्रकल्प आहे, बगीचा नाही.

घरी आल्यावर आजीला फोटो दाखवले. गाव एकातही नव्हतं. एकात फक्त कडा, धुकं आणि काळा ढग खाली उतरताना. मी म्हटलं, "आजी, गाव नाही सापडलं."

तिनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "हा ढग इकडंच येऊन राह्यला ना? मग झालं."

तिचं बरोबर होतं. आपली पूर्णा याच डोंगररांगेत उगम पावते. विश्रोळीच्या धरणात साठते ते हेच पाणी, आणि पुढं ते आपल्या बागांना मिळते.

बॅगचा पट्टा उसवला होता. आजीनं विचारलं, "हे कसं फाटलं?" दादा माझ्याकडं पाहत राहिला. मी अजून तिला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुमच्यापैकी कोणीतरी पुढच्या रविवारी जाणारच आहे.

जा, पण घरी परत या. भेटू पुढच्या भागात. राम राम!