परक्या देशाचे नागरिकत्व आणि आपली कुटुंबे

(मंडळाच्या यवतमाळ येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या कार्यकारिणीने आज मला बोलावयास उभे केले, हा मी माझा बहुमान समजतो. मी कायदेपंडित नाही. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकविले आणि निवृत्तीनंतर मंडळाच्या कुटुंबसूचीचे काम पाहत आहे. आजचा विषय त्या कामातूनच निघाला. नव्या सूचीसाठी वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी येथील कुटुंबांकडून माहितीचे तक्ते भरून आले. त्यांपैकी एका तक्त्यात मुलाच्या नावापुढे 'नागरिकत्व : अमेरिका' असे लिहिलेले होते. बैठकीत एका सदस्यांनी विचारले, "हा मुलगा भारताचाच राहिला नाही, तर आपल्या सूचीत त्याचे नाव कसे ठेवावयाचे?" दुसरे एक सदस्य म्हणाले, "उलट ते नाव ठळक अक्षरांत छापा. मंडळाची शान वाढेल." प्रश्न त्या दिवशी तसाच राहिला आणि त्यावर आपले विचार मांडण्याचे काम मजकडे आले.

मी हे काम स्वीकारले त्यास घरचेही एक कारण आहे. माझी कन्या गेली चौदा वर्षे अमेरिकेत आहे. गेल्या दिवाळीत तिचा फोन आला, "बाबा, नागरिकत्वासाठी अर्ज करू का?" मी "विचार करून सांगतो" एवढेच म्हणालो आणि आठ दिवस काहीच बोललो नाही. तिची आई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाली, "अर्ज केला, तं मंग आपली पोर आपली राहीन का नाही?" त्या आठ दिवसांत मी जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

आमच्या पिढीला यवतमाळहून शकुंतला गाडीने मूर्तिजापूर गाठावे आणि तेथून मुंबईची गाडी धरावी, हाच मोठा प्रवास वाटे. परंतु परक्या देशाच्या दारी नागरिकत्व मागणारे आपले लोक त्याच्याही पूर्वीचे आहेत. मुंबईचे पारशी व्यापारी भिकाजी बलसारा यांचे अमेरिकन नागरिकत्व तेथील वरिष्ठ न्यायालयाने 1910 साली कायम केले. त्या काळी तेथील कायद्याने गोरे आणि आफ्रिकी वंशाचे लोक यांनाच हा अधिकार होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांनी अर्ज केला, तेव्हा 1923 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदी मनुष्य येत नाही. या निकालाच्या आधारे ज्यांना पूर्वी नागरिकत्व मिळाले होते, त्यांचेही ते काढून घेण्याचा सपाटा सुरू झाला. वैष्णोदास बगाई यांनी आपले घरदार, व्यवसाय सर्व त्या देशात वसविले होते. नागरिकत्व गेले आणि कोठलाच देश आपला उरला नाही, या दुःखाने त्यांनी 1928 साली आत्महत्या केली.

थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित हेही हिंदीच. त्यांना 1914 साली नागरिकत्व मिळाले होते आणि तेही काढून घेण्यासाठी सरकारने दावा लावला. पंडितांनी 1926 साली तो अपिलात जिंकला, आणि 1927 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकण्यास नकार दिला. तेव्हा कोठे इतरांवरील दावे थांबले. 1946 सालच्या कायद्याने हिंदी लोकांना अमेरिकन नागरिक होण्याचा अधिकार मिळाला. मात्र नव्याने येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला अवघी 100 ठेवली होती. आज आपल्या मुलांना जो अर्ज घरबसल्या भरता येतो, त्यामागे हा इतिहास आहे. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार 1979 साली अमेरिकेस गेले, 1988 साली नागरिक झाले आणि 2022 साली मिशिगन राज्यातून तेथील प्रतिनिधिगृहात निवडून आले. बगाईंपासून ठाणेदारांपर्यंतचे अंतर हे असे आहे.

याची दुसरी बाजू आपल्या शेजारच्या जिल्ह्यात दिसते. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे. गदर चळवळीतील कामामुळे इंग्रज सरकारने त्यांना मायदेशाचे दार बंद केले. त्यांनी मेक्सिकोत आश्रय घेतला, चापिंगो येथील शेतकी विद्यालयात शिकविले आणि मका व गहू यांच्या वाणांवर संशोधन केले. दिएगो रिवेरा या विख्यात चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. पण स्वराज्य आल्यावर त्यांनी भारतात येण्यासाठी परवाना मागितला, तेव्हा जुन्या बंदीच्या आधारे तो प्रथम नाकारला गेला! पुढे चूक दुरुस्त झाली, ते नागपुरास येऊन राहिले आणि तेथेच 1967 साली निवर्तले. देशासाठी ज्यांनी देश सोडला, तेच कागदोपत्री परके ठरले. म्हणून केवळ कागद पाहून कोणाच्या देशप्रेमाचा निवाडा करू नये, हा धडा मी त्यातून घेतला.

आता आजची रीत थोडक्यात सांगतो. अमेरिकेत अर्जदाराने कायम वास्तव्याचा परवाना, ज्यास आपण ग्रीन कार्ड म्हणतो, तो मिळाल्यावर सामान्यतः पाच वर्षे काढावी लागतात आणि त्यांपैकी निदान अडीच वर्षे प्रत्यक्ष त्या देशात राहावे लागते. मग अर्ज, बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजीची आणि तेथील इतिहास व राज्यकारभार यांची परीक्षा, आणि शेवटी शपथ. ब्रिटनमध्ये 24 प्रश्नांपैकी 18 बरोबर यावे लागतात. कॅनडात अर्जापूर्वीच्या पाच वर्षांत 1,095 दिवस देशात राहिल्याचा हिशेब द्यावा लागतो. खरी तपश्चर्या अमेरिकेतील ग्रीन कार्डाची आहे. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या परवान्यांत एका देशात जन्मलेल्यांना ठरावीक वाट्याहून अधिक परवाने सहसा मिळत नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग फार लांब. नोकरी गेली तर काय, मुलगा 21 वर्षांचा झाला तर त्याचे काय, ही टांगती तलवार घेऊन आपली मुले वर्षानुवर्षे जगतात. ती नागरिकत्वाचा अर्ज करतात ते सर्वस्वी हौसेने करतात, असे येथे बसून म्हणणे सोपे आहे.

परंतु शपथेचा अर्थ मात्र आपण नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकेची शपथ घेताना पूर्वीच्या देशावरील निष्ठेचा त्याग करीत असल्याचे उच्चारावे लागते. काही देश अशी अट घालीत नाहीत. जर्मनीनेही 2024 पासून दुसरे नागरिकत्व ठेवण्यास मोकळीक दिली आहे. त्यामुळे "दोन्ही ठेवता येतात" असा समज पसरला आहे. बंधूंनो, हा समज भारतीयांपुरता खोटा आहे. आपल्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे, ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. त्यासाठी वेगळा हुकूम लागत नाही. भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो. तो जवळ ठेवून त्यावर प्रवास करणे हा गुन्हा आहे. मतदार यादीत नाव ठेवण्याचाही हक्क राहत नाही.

हे सर्व वाचीत असता मला आपल्या घरांत पूर्वापार चालत आलेल्या एका विधीची आठवण झाली. तो विधी म्हणजे दत्तविधान. दत्तक गेलेला मुलगा कायद्याने दुसऱ्या घरचा होतो. जन्मदात्या घराशी त्याचे कायद्याचे नाते तुटते आणि तो दोन्ही घरांचा मुलगा राहू शकत नाही. पण दत्तक जाण्यापूर्वी जी मालमत्ता त्याच्या मालकीची झाली, ती त्याचीच राहते; आणि जन्मघरच्या ज्या नात्यांत विवाह निषिद्ध होता, तो दत्तकानंतरही निषिद्धच राहतो. म्हणजे कायदा नाते तोडतो, परंतु रक्त विसरत नाही. दत्तक दिलेल्या मुलाला आपल्या आयांनी कधी परका म्हटले नाही, आणि तो दत्तक गेलाच नाही असेही कोणी भासविले नाही.

आपल्या सरकारनेही याच धर्तीची सोय केली आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयास 'ओ.सी.आय.' पत्र मिळू शकते. त्यावर तो आयुष्यभर केव्हाही येथे येऊ शकतो व कितीही दिवस राहू शकतो. पण नावात नागरिक हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. त्याला मत नाही, निवडणूक लढविता येत नाही, आणि आपल्या कापसाच्या मुलखात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेतीचा वारसा मात्र त्याला मिळू शकतो. पुढे ती शेती विकावयाची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकता येते. तेव्हा "बहीण अमेरिकन झाली, आता सातबाऱ्यावरून तिचे नाव गेले" असे समजून कोणी भावाने फेरफार करून घेऊ नये. आमच्या नेरजवळच्या कोरडवाहू शेतात माझ्या कन्येचा जो वाटा आहे, तो तिने कोणती शपथ घेतली त्यावर अवलंबून नाही, हे मी माझ्या मुलास तिच्या देखत सांगितले आहे.

परतीची वाटही बंद नाही. ओ.सी.आय. म्हणून पाच वर्षे नोंद असलेला आणि अर्जापूर्वी एक वर्ष येथे राहिलेला मनुष्य पुन्हा भारताचा नागरिक होण्यास अर्ज करू शकतो. आणि सर्वस्वी परका मनुष्य भारतीय होऊ इच्छील, तर आपला कायदा त्याच्याकडून दीर्घ वास्तव्याखेरीज घटनेच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे ज्ञान मागतो. त्या भाषांत आपली मराठी आहे. आपल्या जुन्या मध्यप्रांतात गोंड बांधवांत राहिलेले व्हेरिअर एल्विन हे इंग्रज गृहस्थ 1954 साली भारताचे नागरिक झाले. आपण त्यांना आपले मानले. मग आपली मुले दुसऱ्या देशाची झाली तर तो देशद्रोह कसा?

तथापि कागदाने नागरिक होणे निराळे आणि समाजाने आपले म्हणणे निराळे. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक इस्राएलात गेले. नागरिकत्व त्यांना कायद्याने सहज मिळाले. पण त्यांच्याशी विवाह करावा की नाही, असा प्रश्न तेथील धर्मगुरूंनी उभा केला. त्यांना चळवळ करावी लागली आणि 1964 साली तेथील संसदेने ते सर्व बाबतींत ज्यू असल्याचा ठराव केला. त्यांनी तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्ञातीच्या मंडळाने कोणाला आत घ्यावे आणि कोणाला बाहेर ठेवावे, याचा विचार करताना हे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे असावे.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगतो. पहिली कागदपत्रांची. आपल्याकडे जन्मनोंदीत एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यात दुसरे, लग्नानंतर तिसरे. जन्मतारीख तर कित्येकांची मास्तरांनी लिहिली ती. मी स्वतः मास्तर होतो, म्हणून हे कबूल करतो! परदेशातील अर्जाच्या वेळी या विसंगतीपायी मुलांची झोप उडते. मुलांच्या जन्मनोंदी ग्रामपंचायतीतून किंवा नगरपालिकेतून आजच काढून ठेवा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांस तर शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी हा दाखलाच आधार आहे.

दुसरी गोष्ट वधूवर मेळाव्याची, आणि ही अधिक नाजूक आहे. परिचयपत्रात 'अमेरिकेत स्थायिक' एवढेच लिहिलेले असते. त्याचा अर्थ नोकरीचा तात्पुरता परवाना असा असू शकतो, ग्रीन कार्ड असा असू शकतो, किंवा नागरिकत्व असाही असू शकतो. या तिन्ही स्थितींत मुलीच्या भवितव्यात फार मोठा फरक पडतो. नागरिकाशी लग्न केल्याने कोणी आपोआप नागरिक होत नाही. पत्नीला आधी कायम वास्तव्याचा परवाना मिळवावा लागतो आणि अमेरिकेत त्यानंतर सामान्यतः तीन वर्षे थांबावे लागते. म्हणून परिचयपत्रात ही स्थिती स्पष्ट लिहिणे मंडळाने सक्तीचे करावे, अशी माझी सूचना आहे. लपविलेल्या एका ओळीपायी एखाद्या कन्येचे आयुष्य अडू नये.

कुटुंबसूचीविषयी माझे मत असे की नाव काढू नये आणि ठळकही छापू नये. इतरांच्या नावाप्रमाणेच छापावे आणि नागरिकत्व जे असेल ते खरे लिहावे. आपली सूची ही मतदार यादी नव्हे. ती कुळांची नोंद आहे.

नवव्या दिवशी मी कन्येला फोन केला. म्हणालो, "अर्ज कर. पण शपथ घेशील ती मनापासून घे. ज्या देशाचे अन्न खातेस, त्याचे कायदे पाळ, तेथे मत दे, तेथील शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावून जा. भारतीय पासपोर्ट परत करताना वाईट वाटेल, ते वाटू दे. वाईट वाटणे हा गुन्हा नाही. आणि मुलांशी मराठी बोल." तिने विचारले, "आणि आई?" तिच्या आईने फोन घेतला आणि उन्हाळ्यात केव्हा येणार, एवढेच विचारले. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिने स्वतःच दिले होते.

 माझ्या दोन्ही सूचनांवर सभेने विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.